केळ्यावरचा गोल

ठिपक्या गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आणि गेला तो गोळ्यांच्या नादापायी. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक मजेत हसत ऐकतात आणि शेवटी माझ्यावरच डाफरतात, की आधी का नाही सांगितलं. ज्याला हळहळायचं असेल त्याने इथेच हळहळून घ्यावं. ठिपक्याबद्दल बोलायला लागले की मला हसू येतं, आणि ते मी कुणासाठी आवरणार नाही.

तो माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा. मी त्याची मावशी. माझं शिवणकामाचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, आणि जाड झालेल्या माणसांचे कोट सैल करून ‘कापडच आटलं हो’ असं त्यांना सांगणं, ही माझी कामं. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, असं बाजूचा चप्पल दुरुस्त करणारा सगळ्यांना सांगत असतो. तो मात्र रोज लागतो.

लहानपणी या पोराच्या हातात पेन आलं की संपलं. भिंतीवर ठिपके, स्वतःच्या पायावर ठिपके, शेजाऱ्यांच्या पांढऱ्या मांजरावर ठिपके. एकदा बाप दुपारचा लवंडला होता, तर त्याच्या टकलावर याने गोलाकार, मापात, एकसारखे ठिपके काढले. बाप उठून ऑफिसात गेला, साहेबाशी बोलून आला, घरी येऊन आरशात बघितलं आणि किंचाळला. ऑफिसातलं कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. त्यांना वाटलं केस उगवायचा काहीतरी उपचार चाललाय. तेव्हापासून त्याचं नाव ठिपक्या. बाप पुढे फार दिवस जगला नाही, आणि मग ताईचं सगळं जग म्हणजे हे एक कार्टं.

एकोणिसाव्या वर्षी ताईने त्याला माझ्याकडे आणून सोडलं. म्हणाली, कुठेच टिकत नाही, तू तरी बघ. मी त्याला पँटच्या तळाची दुमड घालायला बसवलं. शिलाई अशी सरळ यायची की मीच चष्मा पुसून बघायचे. पण गप्प बसेल तर तो ठिपक्या कसला. बँकेतल्या एका साहेबाची पँट आठ दिवसांनी परत आली, साहेबासकट. साहेबाने पाय वर करून दुमड उलटी केली. आत निळ्या दोऱ्याचा एवढासा मासा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठिपक्याला हाक मारली, माफी माग म्हटलं. साहेब म्हणाले, माफी राहू द्या, आणखी चार पँटी आणल्यात, त्यात पण मासे घाला.

पुढे तो एका टॅटूवाल्याकडे शिकायला गेला. दोन वर्षं तिथे घासून आला आणि म्हणाला, मावशी, दुकानाचा मागचा अर्धा भाग मला दे. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून. माझं म्हणणं साधं होतं. कापडावर चुकलं तर उसवता येतं. माणसाची चामडी कशी उसवणार? तर म्हणतो कसा, म्हणून तर मी आधी केळ्यावर करतो. मला वाटलं चेष्टा करतोय. ती चेष्टा नव्हती. नवी सुई लावली, नवी शाई आणली किंवा अवघड चित्र आलं, की हा आधी केळ्याच्या सालीवर काढून बघायचा. सुई जास्त खोल गेली की साल लगेच काळी पडते आणि चूक समोर दिसते.

दिला शेवटी मागचा भाग. मध्ये प्लायवूड ठोकलं, दार लावलं, दाराला कुलूप. एक दाताचे डॉक्टर दवाखाना बंद करत होते, त्यांची खुर्ची याने उचलून आणली. तिचा एक घोटाळा होता. माणूस तिच्यात मागे रेलला की आपोआप आ वासायचा. दंडावर फुलपाखरू काढून घ्यायला आलेल्या बायका तोंड उघडून पडायच्या आणि ठिपक्या गंभीरपणे सांगायचा, की दाढ चांगली आहे, आता दंडाकडे वळू या.

आणि केळी! दुकानात रोज केळ्यांचा ढीग. साल रंगवून झाली तरी आतलं केळं चांगलंच असतं, ते टाकायचं कसं? आम्ही ड्रॅगनची केळी खाल्ली, गुलाबाची खाल्ली, कवट्यांची खाल्ली. चप्पलवाल्याला मी एकदा ‘आई’ लिहिलेलं केळं दिलं, तर तो खाईना, ठेवून दिलं म्हणाला. फळवालीने एक दिवस मला हळूच विचारलं, घरी माकड पाळलंय का? मी म्हटलं हो, माझ्या बहिणीचं आहे.

ठिपक्याचा एक नियम होता. कुणी प्रियकराचं किंवा प्रेयसीचं नाव गोंदवायला आलं, तर तो त्याच दिवशी काढायचा नाही. महिन्याने या म्हणायचा. अर्धे परत यायचेच नाहीत. एक जण परत आला तो वेगळंच नाव घेऊन. ठिपक्याने त्याला पुन्हा महिना दिला. किती जणांचे हात त्याने वाचवले याची गणती नाही. शेजारच्या व्यायामशाळेतला पहिलवान, ज्याच्या कोटाच्या बाह्या मी दोनदा उसवून वाढवल्या होत्या, तो स्पिरिटच्या वासानेच आडवा झाला. सुई अजून डब्यात होती. ठिपक्या त्याला वारा घालत बसला आणि शुद्धीवर आल्यावर सांगितलं की काम झालं, फार सहन केलंत. पहिलवान दंड बघत राहिला.

आता ते दुसरं. स्कूटरवरून पडला, खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दुखण्यावर जबर गोळ्या दिल्या. हाड जुळलं, गोळ्या सुटल्या नाहीत. डॉक्टर देईनासे झाले तर दुसरीकडून मिळायला लागल्या. मिळतात. ज्याला हव्या असतात त्याला बरोबर मिळतात. आम्हाला काडीचा पत्ता नव्हता. आम्हाला कळलं ते एका ट्रक ड्रायव्हरच्या गरुडामुळे. त्या माणसाने हातावर पंख पसरलेला गरुड सांगितला होता. ठिपक्याचा हात त्या दिवशी असा थरथरत होता की निघाली कोंबडी. ड्रायव्हर देवमाणूस. बराच वेळ हात फिरवून फिरवून बघितला, म्हणाला, राहू दे, बायकोला कोंबड्या आवडतात. तो गेल्यावर ठिपक्या दाताच्या खुर्चीत बसून रडला आणि गोळ्यांचं सगळं मला सांगितलं.

मी हातातली कात्री खाली ठेवली आणि कंबर कसली. ताईला शब्द दिला की याला मी वठणीवर आणते. उपाय मला तिथल्या तिथे सुचला, कारण हे रोग मी बघितलेले होते. आमचे बाबा प्यायचे. त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायचा. म्हणजे जो घेतो त्याचा हात थरथरतो. आणि ज्याचा हात थरथरत नाही त्याने घेतलेलं नाही. एवढं कळायला डॉक्टर कशाला व्हायला हवं?

तर माझा कायदा असा. रोज सकाळी नऊ वाजता, दुकान उघडायच्या आधी, ठिपक्याने ताज्या केळ्यावर टॅटूच्या मशीनने एक गोल काढायचा. बाटलीच्या झाकणाएवढा, आधी आखून न घेता, एका दमात. रेघ स्वच्छ आली तर मागच्या दाराची किल्ली त्याच्या हातात. थरथरली तर किल्ली माझ्या कमरेला आणि तो दिवसभर माझ्यासमोर बसून बटणं लावणार. त्याने कबूल केलं. म्हणाला, मावशी, तू तर पोलिसात जायला हवी होतीस.

सहा महिने हा कायदा चालला. बहुतेक सकाळी असे गोल यायचे की कंपासने काढावेत. मी हरखून जायचे. चप्पलवाल्याला नेऊन दाखवायचे, फळवालीला दाखवायचे, संध्याकाळी ताईला फोन करून सांगायचे, आजही स्वच्छ. ताईचा जीव भांड्यात पडायचा. मधूनच कधी दोन दिवस, तीन दिवस रेघ वाकडी यायची. मग मी जे काही तोंड सोडायचे ते दुपारपर्यंत. चौथ्या दिवशी गोल पुन्हा कसा स्वच्छ! मी म्हणायचे, बघ, माझी बोलणी लागू पडतात की नाही.

एकदा बटणं लावता लावता तो म्हणाला, मावशी, हात थरथरला म्हणजे दर वेळी वाईटच असं नसतं. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, थरथरत्या हातांचं कौतुक मला नको, मी बाबांचे कप धुतलेत. त्याने सुईत दोरा ओवला आणि गप्प बसला. आणि ठिपक्या गप्प बसला की मी जिंकले, असा माझा हिशेब होता.

मग एकदा तो आठ दिवस आलाच नाही. फोनवर म्हणाला ताप आलाय, अंग दुखतंय, पोट बिघडलंय. मी म्हटलं, नीट झोप. नवव्या दिवशी, मंगळवारी, नऊला पाच कमी असताना दारात उभा. गाल बसलेले, कपाळावर घाम, पण बडबड चालू. माझ्या नव्या चष्म्याला नावं ठेवली, दोनदा चहा मागितला, बिस्किटाचा पुडा एकट्याने संपवला. पुढे एक बाई लवकर येऊन बसल्या होत्या. त्यांचे यजमान वारले होते, आणि एका जुन्या पत्राखालची त्यांची सही बाईंना मनगटावर हवी होती. त्यांच्यासाठीच आज येतो, असं ठिपक्याने सांगितलं होतं. म्हणाला होता, ही सही मला नीट करायची आहे.

त्याने केळं घेतलं, मशीन धरलं आणि काढायला लागला. गोल नव्हताच तो, बटाटा होता. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे. माझं डोकं फिरलं. त्या बाईंसमोरच मी सुरू झाले. ताप कसला आणि काय कसलं, आठ दिवस कुठे लोळत होतास ते कळलं, असं मी बोलले. माझं संपल्यावर तो म्हणाला,

“मावशी, आज केळं राहू दे. माझ्याकडे बघ.”

मी केळं त्याच्या नाकासमोर धरलं.

“तुझ्याकडे बघूनच आम्ही फसत आलो. उद्या हात नीट करून ये, नाहीतर येऊच नकोस.”

तो हसला. बरं म्हणाला. केळं सोललं, अर्धं त्या बाईंना दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, आणि उद्या नक्की करू सही, असं त्यांना सांगून गेला.

बुधवारी नऊच्या ठोक्याला आला. बोलला काहीच नाही. मशीन घेतलं आणि एका दमात गोल काढला. इतका देखणा गोल त्या सहा महिन्यांत मी पाहिला नव्हता. मी किल्ली दिली, पाठीवर थाप मारली, आणि चप्पलवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की याला म्हणतात वळण लावणं. बाई आल्या. त्याने सही केली, खालचा लांब फरकाटा आणि त्याच्यावरचे दोन ठिपके, जसेच्या तसे. बाई मनगट छातीशी धरून रडल्या आणि त्याला आशीर्वाद देऊन गेल्या.

दुपारी मी डोकावले तर तो दाताच्या खुर्चीत रेलला होता, तोंड उघडं. मला हसूच आलं. म्हटलं, बघा, खुर्ची याला पण सोडत नाही. तापातून उठलाय, झोपू दे. माझं मशीन फार खडखडतं, म्हणून मी ते बंद केलं आणि हातशिलाईची कामं काढली. दीड तास मी हाताने शिवत बसले, त्याची झोप मोडू नये म्हणून. मग चहा घेऊन गेले.

दवाखान्यात म्हणाले, गोळ्या जास्त झाल्या. त्या सगळ्या दिवसांत ताई माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, शेवटच्या आठवड्यात रोज मला सांगत होता, आई, मी सोडलंय, आज पाचवा दिवस, आज सहावा. मरताना पण खोटंच बोलून गेला गं माझ्याशी. मी तिची समजूत काढायला गेले नाही. मलाही तसंच वाटत होतं.

पंधरा दिवसांनी दुकानात एक मुलगी आली. मी विचारलं, काय शिवायचंय? म्हणाली, काही नाही, ठिपक्याला भेटायचंय, फोन लागत नाही. ती व्यसन सोडवण्याच्या केंद्रात काम करत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तशी ती माझ्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसली. मग म्हणाली, नऊ दिवस रोज सकाळी सातला यायचा, सगळ्यांना हसवायचा. मंगळवारीसुद्धा आला होता. बुधवारी आला नाही. आम्ही कुणाची तपासणी करत नाही, सांगतील त्यावर विश्वास ठेवतो, आणि बरेच जण खोटं सांगतात. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा कसा होता तो?

मी तिला मंगळवार सांगितला. घाम, बिस्किटं, बटाट्यासारखा गोल. ती म्हणाली, म्हणजे खरंच घेत नव्हता. या गोळ्या बंद केल्या की हात थरथरतात, मावशी. पुन्हा घेतल्या की थांबतात. मी विचारलं, आणि बुधवारी? ती माझ्याकडे न बघता बोलली, की नऊ दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते. आणि जो परत घेतो तो आधी घ्यायचा तेवढ्याच घेतो.

ती गेल्यावर मी दुकानाचं शटर ओढून आत बसले. गरुडाच्या दिवशी त्याच्या गोळ्या संपलेल्या असणार. ज्या सकाळी मी ताईला फोन करून स्वच्छ म्हणाले, त्या सगळ्या सकाळी तो घेऊन आलेला असणार. आणि ज्या दोन-तीन दिवसांत पोराने सोडायचा प्रयत्न केला, त्या दिवसांत मी त्याची किल्ली काढून घेतली, त्याला बटणांना बसवलं आणि दुपारपर्यंत शिव्या घातल्या. बाबांचा कपसुद्धा सकाळीच वाजायचा, पहिला घोट घ्यायच्या आधी. बाबा जाईपर्यंत मी ते कप धुतले, आणि मला एवढं दिसलं नाही. अक्कल शिकवायला मात्र मी पुढे.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. मी चार दिवस गप्प बसले म्हटल्यावर चप्पलवाला घाबरून दोनदा येऊन विचारून गेला, डॉक्टरला बोलावू का. सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर माझी ताई मला दुरावणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिच्याशिवाय मला दुसरं कुणी नाही. पाचव्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती मटार सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, केंद्रातली मुलगी, माझा कायदा, मंगळवारी मी काय बोलले ते, शब्दासकट. मग वाट बघत राहिले. तिने परात माझ्या अंगावर फेकली असती तरी मी हूं केलं नसतं.

ताईने हात पुसले.

“मंगळवारी त्याचा हात थरथरत होता?”

“हो.”

“नक्की? नीट बघितलंस तू?”

“ताई, मी तेवढंच बघितलं.”

तिने परात बाजूला सरकवली. मग म्हणाली, “म्हणजे खरं बोलत होता तो माझ्याशी.”

तिने बाजूची खुर्ची ओढली, मला दंडाला धरून बसवलं, आणि किती थरथरत होता ते सांग म्हणाली. मी सांगितलं, की खूप, रेघ कुठल्या कुठे जात होती, दोन्ही टोकं जुळेनात, दुसरा हात लावून मनगट धरलं तरी थांबेना. ताईचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. माझं सांगून झालं तशी म्हणाली, परत सांग. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.